अडलेल्या गाईचा व्हिडिओ

संगणकाला हात लावण्याआधी ते कोपरापर्यंत हात धुवायचे. नुसते ओले करून नव्हे. साबण लावून, नखं घासून, दोन वेळा. मग टॉवेल न घेता, हात वर धरून, पाणी कोपरावरून निथळू देत माझ्या बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी घाबरले. "तात्या, ओल्या हातांनी की-बोर्डला हात लावू नका."

"वाळू द्यात की. कुणाच्या पोटात हात घालायचा म्हंजे आधी धुवावा लागतो."

"अहो, हे यंत्र आहे."

"असू दे. आत काय चाललंय ते आपल्याला दिसत न्हाय न्हवं? मग सारखंच."

त्यांच्या पुष्कळ बोलण्यावरचं उत्तर मला उशिरा सुचे. ते घरी गेल्यावर, भाजी चिरताना वगैरे, आणि तोवर ते मला पटलेलंही असायचं.

तात्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. म्हणजे डॉक्टर नव्हेत. मोटारसायकलीला पत्र्याची पेटी बांधून गोठ्यागोठ्यांतून फिरणारा, लस टोचणारा, अडलेली गाय सोडवणारा माणूस. लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. ते प्रत्येक वेळी दुरुस्त करत. "डॉक्टर शिकल्याले असत्यात. मी नुसता बघून बघून झालोय." निवृत्तीनंतर ते सांगवीकडचं भाड्याचं घर सोडून जळोचीत आमच्या गल्लीत राहायला आले, आमच्यापासून दोन घरं पलीकडे. मी तेव्हा बारामतीत कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सकाळी मी निघायचे त्याच सुमाराला एमआयडीसीच्या पाळीला जाणाऱ्या मोटारसायकली गल्लीतून जात. त्यांतली एखादी तात्यांच्या फाटकापाशी थांबलेली असे. इंजिन चालू, एक पाय जमिनीवर, डब्याची पिशवी हँडलला, आणि प्रश्न: "तात्या, कालपासनं वैरणीला तोंड लावंना." अंगावर कारखान्याचा गणवेश असला तरी घरी दोन गाई असतातच. तात्या फाटकाच्या आत उभे राहून दोन-तीन प्रश्न विचारत, उत्तर देत आणि तो माणूस पाळी चुकू नये म्हणून भरधाव निघून जाई.

ते घड्याळ उलटं बांधत, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. जनावराच्या कुशीवर तळहात टेकवून श्वास मोजताना काटा समोर दिसावा म्हणून. ती सवय इतकी मुरलेली की आमच्याकडे चहाला बसले तरी कप धरलेल्या हाताकडे बघून ते काहीतरी मोजत आहेत असं वाटायचं. एकदा मी विचारलं. म्हणाले, "तुमचा पंखा मोजत हुतो. मिनिटाला कमी फिरतोय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. निवृत्त झाली तरी त्यांचे हात निवृत्त होत नाहीत. तात्यांच्या बाबतीत मात्र आधी हातच गेला. बत्तीस वर्षं खांद्यापर्यंत हात आत घालून काम केल्यावर उजवा खांदा झिजला. हात छातीच्या वर जाईना. सदरा घालताना त्यांच्या पत्नीला, वहिनींना, बाही धरावी लागे. फोन मात्र येतच राहिले. निमगाव म्हणू नका, बावडा म्हणू नका, आणखी कुठून कुठून. इंदापूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाहूनही. "तात्या, गाय अडलीय. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेल्यात. यायला दोन तास म्हणत्यात."

जाता येत नव्हतं, म्हणून ते फोनवरून सांगत.

त्यातल्या एका फोनबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी विचारलं नव्हतं. इंदापूरकडची एक बाई घरी एकटी होती. नवरा कामावर. गाईला कळा येऊन बराच वेळ झाला होता आणि वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. तात्यांनी सांगितलं, दुसरा पाय आत दुमडलेला असणार. हात घाला, गुडघा हुडका, वासरू जरा मागं ढकला, मग खूर मुठीत धरून पुढं आणा. बाई धीराची. तिनं हात घातला, सापडलं ते धरलं आणि ओढलं. वासरू आडवं अडकलं. डॉक्टर पोचेपर्यंत दोन्ही जीव गेले.

तात्या दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या गावी गेले. गाय पुरून झाली होती. बाईंनी त्यांना चहा दिला. म्हणाल्या, "तुमी सांगितलं तसंच केलं की हो मी."

"तिनं तसंच केलं," तात्या मला म्हणाले. "मी बरोबर सांगितलं आन् तिनं बरोबर केलं. पर मी सांगत हुतो ते तिला दिसत नव्हतं. गुडघा म्हंजे कंचा, खूर म्हंजे कंचं, आत सगळं सारखंच लागतंय, बाई. कानानं शिकायचं काम न्हाय ते."

त्यानंतर त्यांनी व्हिडिओ करायचं घेतलं. दूध संकलन केंद्रातल्या एका ओळखीच्या माणसाकडून एका खऱ्या बाळंतपणाचं चित्रण करून घेतलं आणि सगळे टाकतात त्या मोठ्या साइटवर टाकलं. तिसऱ्या दिवशी तिथं पाटी आली: हा व्हिडिओ पाहण्यासाठी वय सिद्ध करा. रक्त दिसत होतं, त्यामुळे तिथल्या नियमात बसत नव्हतं. तात्यांनी स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलं तर त्यांनाही तीच पाटी.

"अडुसष्ट पुरी झाली," ते म्हणाले. "आता आनखी किती वय सिद्ध करू?"

आणि पाटी नसलेल्या दुसऱ्या एका तुकड्यावर आधी जाहिरात लागायची. घर सजवण्याच्या रंगाची. तात्यांनी घड्याळ लावून मोजली होती. "तेवढ्यात गाईला एक कळ यिऊन जाती, बाई."

मग ते माझ्याकडे आले. हात धुऊन नव्हे, त्या दिवशी नुसतेच.

"तुमचं स्वतःचं पान हाय म्हणं इंटरनेटवर."

"आहे. पुस्तकांबद्दल लिहिते थोडंफार."

"किती लोकं बघत्यात?"

"आठवड्याला पाच-सहा."

"मग जागा रिकामीच हाय की," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

*

मला यातलं काही येत नव्हतं. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थिनीनं ते संकेतस्थळ मांडून दिलं होतं. मी फक्त मजकूर चढवायचे. पण आयुष्यभर दुसऱ्यांना पुस्तकं शोधून दिली असल्यामुळे एक सवय लागली होती, की माहीत नाही म्हणजे कुठेतरी लिहिलेलं असणार. मी वाचायला घेतलं. तात्या रोज साडेतीनला येत.

आधी व्हिडिओ नव्यानं करायचा होता. खरी गाय हवी तेव्हा अडत नाही, आणि अडते तेव्हा कॅमेऱ्याचं कोणाला सुचत नाही. म्हणून तात्यांनी वासरू बनवलं. गोणपाटाचं, आत उसाचं पाचट भरलेलं. पायांत बांबूच्या कामट्या घालून वहिनींनी सांधे असे शिवले की ते खऱ्यासारखे वाकावेत. पुढच्या पायाचे दोन्ही सांधे एकाच बाजूला, मागच्या पायाचे उलटसुलट. हाच तात्यांचा पहिला धडा होता: आत हाताला पाय लागला तर तो पुढचा की मागचा, हे सांध्यांवरून ओळखायचं. दिसत नसताना.

"नातवाचं झबलं कवा शिवलं न्हाय एवढं निगुतीनं," वहिनी दोरा तोडत म्हणाल्या, "आन् ह्या पोत्याला धा टाके जास्तीचे."

"नातवाच्या पायावर कुणाचा जीव न्हाय," तात्या म्हणाले.

"ऐका," वहिनी मला म्हणाल्या. "असं बोलायचं आन् वर म्हणायचं मुलगा सुट्टीला का येत न्हाय."

निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला एका बाजूनं भोक पाडलं, दुसरी बाजू कापून उघडी ठेवली, म्हणजे हात आत काय करतो ते दिसेल. फोन माझ्या शब्दकोशांच्या चळतीवर ठेवला. हात घालायचा वहिनींनी, कारण तात्यांचा खांदा वर जात नव्हता. बोलायचं तात्यांनी. आणि तिथं घोटाळा झाला. कॅमेरा सुरू होताच त्यांच्या तोंडून दवाखान्याचा अहवाल बाहेर पडायला लागला. "सदर जनावराची तपासणी केली असता वासराचा पुढील उजवा पाय..."

मी थांबवलं. "तात्या, फाटकापाशी बोलता तसं बोला."

"तसं बोललं की शिकल्याली माणसं हसत्यात."

"गाय अडल्यावर कोण हसतंय?" पिंपात खांद्यापर्यंत हात घातलेल्या वहिनी म्हणाल्या. "बोला लवकर. माझ्या हाताला मुंग्या आल्यात."

मग ते बोलले. पहिलं वाक्य त्यांनी स्वतः ठरवलं होतं: आधी दवाखान्यात फोन करा, हे सगळं डॉक्टर येईपर्यंतचं हाय. पुढे नऊ मिनिटं. कळ आली की ढकलायचं नाही, कळ गेली की वासरू मागं सारायचं. खूर तळहातात झाकून घ्यायचं म्हणजे आतली पिशवी फाटत नाही. कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपण थांबायचं. "दम घिऊ द्यायचा तिला," असं ते अकरा वेळा म्हणाले. मी मोजलं, त्यांच्या संगतीनं मलाही मोजायची सवय लागली होती.

*

व्हिडिओ चढवला. घरच्या वाय-फायवर छान चालला. तात्यांना ते पुरेसं वाटेना. "गोठा काय तुमच्या खोलीत असतो काय?" ते मोटारसायकल काढून सांगवीच्या शिवारात गेले. पुरुषभर उंच उसाच्या मधोमध, जिथं फोनला जेमतेम एखादी रेघ दाखवते, तिथं उभे राहिले. तिथून दुसऱ्या फोनवरून मला म्हणाले, "बाई, गोल फिरतंय."

"किती वेळ?"

"मोजतोय." मग उसाच्या पानांची सळसळ. "चार मिनिटं झाली. अजून फिरतंय. वासरू मेलं."

त्यांनी फोन ठेवला. मी त्याच संध्याकाळी पुन्हा वाचायला बसले.

हे असं का होतं, ते शोधायला मला दोन दिवस लागले. सापडलं तेव्हा मात्र मला माझ्या ग्रंथालयात परतल्यासारखं वाटलं. व्हिडिओच्या फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते: कोणतं चित्र कुठे आहे, आवाज कुठे. फोननं केलेल्या चित्रणात ती बहुधा शेवटी लिहिली जाते, कारण चित्रण संपल्याशिवाय फोनलाच ठाऊक नसतं, काय काय होतं ते. समोरचा ब्राउझर कधीकधी सगळं पुस्तक पान पान उतरवून घेतो, शेवटी अनुक्रमणिका सापडते, आणि मग तो पहिलं पान उघडतो. उपाय एका ओळीचा होता. एका मोफत प्रोग्रामला सांगायचं की अनुक्रमणिका उचलून पुढे ठेव.

मी ते तात्यांना समजावलं. ते हात वर धरून, पाणी निथळवत ऐकत होते.

"म्हंजे वासरू उलटं हुतं," ते म्हणाले. "शेपटाकडनं येत हुतं. डोकं पुढं घेतलं तुमी."

त्यानंतर उसात चार मिनिटांऐवजी चाळीस सेकंद लागले. त्यांच्या मते चाळीसही फार होते. शिवाय मध्येच अडायचं. मग मी पुढचं वाचलं: व्हिडिओ अख्खा पाठवायचाच नाही. त्याचे लहान लहान तुकडे करायचे, आणि सोबत तुकड्यांची एक यादी ठेवायची. फोन यादी वाचतो, पहिला तुकडा मागतो, तो दाखवता दाखवता दुसरा मागतो. हे तात्यांना फार आवडलं. तुकडे कुठे करायचे ते मात्र ते ठरवणार होते.

मी म्हणाले, सगळे सारख्या लांबीचे करतात.

"सगळ्यांना काय कळतंय? गाय जिथं दम घेती तिथं कापायचं. म्हंजे बघणारा जिथं अडंल तिथंच थांबल." त्यांनी दोन दिवस बसून, मनगट उलटं करून, आपल्याच बोलण्यातले थांबे सेकंदासह वहीत उतरवले. मी त्या ठिकाणी तंतोतंत कापलं. यादी केली. चढवलं.

बिघडलं ते असं: पहिला तुकडा नीट, दुसरा सुरू होताना चित्र फासलेलं. राखाडी चौकोन, त्यात वहिनींचा हात धुक्यातून आल्यासारखा, आणि दोन-तीन सेकंदांनी एकदम स्वच्छ. प्रत्येक तुकड्याला तसंच. नेमकं हात कुठे ठेवायचा हे सांगण्याच्या क्षणी चित्र चिखलात.

पुन्हा वाचन. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं; मधली सगळी म्हणजे नुसती नोंद, आधीच्यापेक्षा काय बदललं त्याची. तुकडा पूर्ण चित्रापासून सुरू झाला नाही तर पुढच्या नोंदींना धरायला आधार नसतो. मी हे कागदावर रेघा काढून दाखवत होते: इथे पूर्ण चित्र, मग हे सगळे बदल, मग इथे पुन्हा पूर्ण...

तात्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि रेघांवर पेरं काढली. उसाचं कांडं झालं ते.

"डोळा," ते म्हणाले. "मी बिनडोळ्याच्या टिपऱ्या तोडल्या."

लागणीसाठी उसाचे तुकडे, म्हणजे टिपऱ्या, करतात तेव्हा प्रत्येकीवर कोंब फुटायचा डोळा राहील असा ऊस तोडतात, हे इथे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. डोळा नसेल तर कितीही पाणी द्या, कोंब येणार नाही. तात्यांच्या वडिलांची सांगवीत थोडी जमीन होती. लहानपणी कोयत्यानं बेणं तोडण्याचं काम त्यांच्याकडे असे. "एकदा अख्खं वाफं मोकळं ऱ्हायलं हुतं माझ्या हातनं," ते म्हणाले. "साठ वर्षांनी तीच चूक केली बगा. आन् ह्या वेळी कोयता तुमच्या हातात दिला."

मी विचारलं, आता कसं?

"आधी डोळं कुठं पायजेत ते ठरवायचं. मग तोडायचं. तुमच्या कंप्युटरला सांगता येतंय का, ठराविक अंतरावर डोळा घाल म्हणून?"

सांगता येत होतं. दर सहा सेकंदांना एक पूर्ण चित्र, आणि बरोबर तिथेच तोड. नऊ मिनिटांच्या नव्वद टिपऱ्या झाल्या. गाय दम घेते तिथं कापायचा हट्ट त्यांनी सोडला. फारसं वाईट वाटू न देता. "उसाला दोन डोळं ठेवत्यात," एवढंच म्हणाले, "ह्याचं एकावर भागतंय. बेणं वाचलं."

शेवटी रेंज जेमतेम असेल तिथं काय, हा प्रश्न राहिला. त्यावरही तोडगा लिहिलेला होता: तोच व्हिडिओ तीन प्रतींत ठेवायचा. त्यांना तात्या जाड, मध्यम आणि बारीक म्हणत. फोन आपल्या ताकदीप्रमाणे निवडतो. बारीक प्रत किती बारीक करायची याची परीक्षा त्यांनी स्वतः बांधली. वहिनींना चष्मा काढायला लावला, माझा जुना लहान पडद्याचा फोन हातात दिला आणि विचारलं, "पुढचा पाय हाय का मागचा?"

"पुढचा."

"कशावरनं?"

"दोन्ही सांधं एकीकडं वाकत्यात."

"ह्याच्याहून बारीक करा," ते मला म्हणाले. आणखी दोन वेळा केलं. तिसऱ्या वेळी वहिनी म्हणाल्या, "आता मला पायच दिसंना, नुसती तुमची बडबड ऐकू येतीया." तेव्हा एक पायरी वर चढलो आणि तिथे थांबलो.

उसात आता व्हिडिओ पाच सेकंदांत सुरू होत होता. त्या दिवशी मला फक्त व्हिडिओतला त्यांचा आवाज ऐकू आला, दुसऱ्या फोनमधून, पानांच्या सळसळीतून: आधी दवाखान्यात फोन करा...

पानाच्या तळाशी त्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर टाकायला लावला. दूध केंद्रांवर, पशुखाद्याच्या दुकानांत पत्ता लिहिलेले कागद स्वतः जाऊन चिकटवले. बारामतीत, मग इंदापूरपर्यंत. त्यानंतर रोज साडेतीनला एकच चौकशी.

"कुणी बघितलं का?"

"नाही, तात्या. आपल्या तिघांशिवाय कोणी नाही."

"चांगलं हाय की," ते म्हणत. "म्हंजे कुणाची अडली न्हाय." आणि खरोखर खूश होऊन चहाला बसत. कोणी पाहिलं नाही म्हणून आनंदणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. कधीकधी मात्र त्यांचा चेहरा बघून वाटे, की यांना एकदा तरी कळायला हवं आहे. त्या बाईंच्या अंगणातला चहा त्यांच्या गळ्याखाली अजून उतरला नव्हता.

असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते ओट्यावर उन्हात बसले होते. वहिनी सदऱ्याची बाही धरायला बाहेर आल्या, तेव्हा ते गेलेले होते.

*

तेरावं झाल्यावर चार दिवसांनी, सकाळी दहा-साडेदहाची वेळ असेल, मी संगणकापाशी बसले होते. लिहायला सुचत नव्हतं. माझ्या पानावरून कोण काय मागतं याची नोंद सर्व्हर ओळीओळीनं ठेवतो. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या रजिस्टरसारखी. नाव नसतं, फक्त काय मागितलं आणि केव्हा. सवयीनं ती उघडली. एरवी तिथं सगळं स्तब्ध असायचं.

ओळ आली. यादी मागितली. मग पहिली टिपरी. बारीक प्रत.

मला वाटलं, वहिनी असतील. आवाज ऐकावासा वाटला असेल. पण त्यांच्याकडे वाय-फाय होतं, जाड प्रत गेली असती. दुसरी. तिसरी. सहा-सहा सेकंदांनी ओळ खाली सरकत होती. दहावी. विसावी. कोणीतरी कुठेतरी जेमतेम रेंजमध्ये उभं होतं आणि तात्या त्याला सांगत होते. अडतिसाव्या टिपरीपासून गुडघा सुरू होतो, हे मला पाठ होतं. अडतीस, एकोणचाळीस... पंचेचाळीस. मग पुन्हा अडतीस. पुन्हा पंचेचाळीसपर्यंत. पुन्हा अडतीस.

चार वेळा तसं झालं. चौथ्यांदा बेचाळीसपर्यंत आलं आणि थांबलं.

मी वाट पाहिली. त्रेचाळीस आली नाही. मिनिट गेलं, पाच गेली. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. सगळं जिथं घडत होतं तिथं मला दिसत नव्हतं. पाऊण तासानं मला त्या खोलीत एकटीनं बसवेना, म्हणून उठून वहिनींकडे गेले.

वहिनी पालक निवडत होत्या. मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. तात्यांचा फोन कोनाड्यात होता. बंद करू नका असं वहिनींनी मुलाला बजावलं होतं. तो वाजला तेव्हा दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं.

वहिनींनी घेतला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं. "तात्या हायेत का? इंदापूरकडनं बोलतोय. गाय अडली हुती. पाय दुमडल्याला. त्यांनी सांगितल्यालं बघून बघून काढलं. कालवड झालीया! जित्ती हाय! डॉक्टर अजून वाटंवर हायेत. पर वासरामागची वार पडंना. लोंबतीय नुसती. ओढून काढू का? तात्यांना इचारा जरा."

वहिनींनी फोन छातीशी दाबून धरला. "बाई, वारेचं हाय का त्यात?"

"नाही," मी म्हणाले. "तो पुढचा करायचा होता."

मग त्यांनी फोन कानाला लावला.

"ओढू नगंस. अजिबात हात लावू नगंस तिला. कालवडीला आधी चीक पाज. गाईला कोमट पाण्यात गूळ दे. वार आपसूक पडंल. डॉक्टर आलं की दाखव, आन् सांजपतूर न्हाय पडली तर त्यांनाच काढू दे."

"बरं, बरं." मागं कुठेतरी बादलीचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "तात्यांना इचारूनच सांगतायसा न्हवं?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "आन् चीक किती प्याली ते मला परत फोन करून सांग."

पलीकडून फोन बंद झाला. त्यांनी तो कोनाड्यात ठेवला नाही. मांडीवर घेऊन, पालक बाजूला सारून, तशाच बसून राहिल्या.